साठ लाखांत काय घ्यावं - एम३४०आय की जुनी मस्टँग? (नाशिक)

अंबडवाला | १४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४३, अंबड एमआयडीसीत छोटं सीएनसीचं वर्कशॉप आहे. मशिनचे हप्ते मार्चमध्ये संपले आणि त्यानंतर दर महिन्याला खात्यात पैसे तसेच पडलेले दिसायला लागले की माणसाचं जे होतं तेच माझं झालंय. घरात क्रेटा आहे ती बायको चालवते, माझी २०१४ची स्कॉर्पिओ आहे ती मी विकणार नाही, त्यावर चर्चा नको. आता एक गाडी फक्त माझ्या हौसेची. टॅक्स, इन्शुरन्स, टायर सगळं धरून ६० लाख, त्याच्यावर एक रुपया नाही असं घरी कबूल केलंय.

दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक बीएमडब्ल्यू एम३४०आय, २०२१ची, पुण्याची, एकच मालक, ३४ हजार किमी, मागतोय ५६. दुसरी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७ची, लाल, मुंबईची, दुसरा मालक, फक्त १९ हजार किमी, मागतोय ४७. हैदराबादला अजून एक मस्टँग आहे, तेलंगण पासिंग, तो ४१ म्हणतोय.

वापर रोजचा नाही. रविवारी पहाटे सापुतारा नाहीतर जव्हार, महिन्यातून एकदा मुंबई, कधीतरी मुलीला पुण्याला होस्टेलवर सोडणं. घर इंदिरानगरला, पार्किंग बेसमेंटला.

कसाही हिशेब मांडला तरी बीएमडब्ल्यूच येते. पण आठवीत असताना रद्दीवाल्याकडून एक अमेरिकन मासिक आणलं होतं, त्यातलं मस्टँगचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, बाबांना दिसू नये म्हणून. ते पान लग्नापर्यंत होतं तिथे, बायकोने दिवाळीच्या साफसफाईत काढलं, आणि दाराचा तेवढा चौकोन अजून वेगळ्या रंगाचा दिसतो. सांगा काय करू.

घोटीचा_तात्या | १५ नोव्हें., सकाळी ६.१०

साठ लाखात पाथर्डी फाट्याच्या पुढे जागा बघ. गाडी खाली जाते जागा वर जाते.

तर्रीबाज | १५ नोव्हें., सकाळी ८.०२

तात्यांचा प्रतिसाद पहिला येणार यावर मी घरी पैज लावली होती, आज मिसळ माझ्याकडून नाही 😄

टर्बोभाऊ | १५ नोव्हें., सकाळी ९.३५

माझ्याकडे एम३४०आय आहे, दोन वर्षं झाली, गंगापूर रोडला राहतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. भाऊ, डोळे झाकून बीएमडब्ल्यू घे. तीन लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, टर्बो, ३८७ एचपी आणि ५०० एनएम, कंपनीचा आकडा शून्य ते शंभर ४.४ सेकंद, आणि खरी गंमत त्या आकड्यात नाहीये, गंमत अशी की ही गाडी चारही चाकांना ताकद देते, म्हणजे जुलैत त्र्यंबक रोडला धो धो पाऊस चालू असताना पण तुम्ही पाय दिला तर ती गपगुमान पुढे जाते, ढुंगण हलवत नाही. भरवीरला समृद्धीवर चढलो की क्रूझ कंट्रोल १२०ला लावायचा, मागे आई झोपलेली, एसी चालू, इगतपुरीचा तो आठ किमीचा बोगदा कधी आला कधी गेला कळत पण नाही. आणि त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जातो.

खर्च म्हणशील तर टायर. आपल्या द्वारका चौकाजवळ एका खड्ड्यात पुढच्या टायरला फुगा आला, एका टायरमध्ये आपल्या गावाकडच्या सोयऱ्याचं लग्न निघालं असतं. पण मस्टँगला काय वेगळं होणार आहे.

मस्टँग मी चालवलीय मित्राची. आवाजाला शंभर पैकी शंभर. घाटात वळणावर जरा जपून, शहरात म्हैस.

चिकित्सक | १५ नोव्हें., सकाळी ११.२०

एक तांत्रिक दुरुस्ती. मस्टँगला सगळे मसल कार म्हणतात पण तिकडच्या भाषेत ती 'पोनी कार', तट्टू. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये आली, कल्पना अशी की रोजच्या फॅमिली गाडीचेच पार्ट घेऊन वर तरुणांना आवडेल असं लांब नाकाचं शरीर चढवायचं आणि स्वस्तात विकायचं. पहिल्या दिवशी २२ हजार ऑर्डर. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन कोंबणं, त्याचं ठळक उदाहरण त्याच वर्षीची पाँटिॲक जीटीओ.

तर्रीबाज | १५ नोव्हें., सकाळी ११.२६

तट्टूला ४७ लाख. चिकित्सकराव, धागाकर्त्याला रात्री झोप यायची ती पण घालवली तुम्ही.

पेठरोडकर | १५ नोव्हें., दुपारी १.४८

मी आरटीओच्या कामातला माणूस आहे त्यामुळे फक्त कागदाचं बोलतो. हैदराबादची गाडी ४१ला दिसते ती ४१ला पडत नाही. तिकडून एनओसी, मग इथे एमएच-१५ म्हणजे नाशिक पासिंग करताना टॅक्स नव्याने. मस्टँग पूर्ण तयार इम्पोर्ट होऊन आलेली गाडी, आपल्याकडे इम्पोर्टेड गाडीला टॅक्सचा दर २० टक्के, पेट्रोलच्या इथे बनलेल्या गाडीला वैयक्तिक नावावर १३पर्यंत. वयाप्रमाणे सूट मिळते पण मूळ बिल बघून हिशेब होतो आणि ते बिल २०१७ला साठीच्या पुढचं आहे. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला दोन-चार चकरा वेगळ्या. मुंबईची गाडी आधीच महाराष्ट्राची आहे, नाव ट्रान्सफर केलं की झालं. एप्रिल २०१९च्या आधीची आहे म्हणून एचएसआरपी म्हणजे ती नवी सुरक्षित नंबरपाटी बसवलीय का तेवढं बघ. हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरलंय का ते पण.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या नव्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी अधिक सेस हे गेलं आणि सरळ ४० झालं, नव्याची किंमत उतरलीय. म्हणजे जुन्याचीही उतरायला पाहिजे. हे विकणाऱ्याला माहीत असतं, तो स्वतःहून बोलणार नाही.

अंबडवाला | १५ नोव्हें., रात्री १०.१५

पेठरोडकर साहेब लाख मोलाचं बोललात, हैदराबाद कॅन्सल. टर्बोभाऊ, तुमची गाडी एकदा बघायला येऊ का?

नोझल_काका | १६ नोव्हें., पहाटे ५.२०

मी मायकोत (आताची बॉश) नोझलच्या लाइनवर ३१ वर्षं काढली, आता रिटायर. गाडीतलं मला एवढंच कळतं की पेट्रोल कुठून कसं आत जातं, तेवढ्यावर बोलतो.

बीएमडब्ल्यूच्या त्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात, ३५० बार दाबाने. २०१७च्या मस्टँगच्या पाच लिटर व्ही८ला पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, पोर्टमध्ये म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, चारेक बार दाबाने. (२०१८च्या मॉडेलपासून त्यांनी दोन्ही पद्धती एकत्र केल्या.) म्हणजे एकीकडे शंभर पट जवळपास दाब, बारीक फवारा, हुशार काम, ताकद जास्त आणि पेट्रोल कमी. दुसरीकडे जुनी पद्धत, पण इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत राहतं त्यामुळे ते आपोआप धुतले जातात, काजळी धरत नाही. थेट फवाऱ्याच्या कुठल्याही इंजिनाला ती काजळी कधी ना कधी धरते, कोणत्याही कंपनीचं असो. भेसळीचं पेट्रोल, घाण टाकी हे चार बारवालं जास्त सहन करतं. मला जर कोणी विचारलं की वीस वर्षांनी कोणतं इंजिन साध्या गॅरेजमध्ये उघडता येईल, तर मी मस्टँगचं सांगेन.

पण आता उलट बाजू ऐका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला अंदाजे एक टक्का ताकद गमावतं, हवा विरळ म्हणून. म्हणजे भारतात मस्टँगला जे ४०१ पीएस (जवळपास एचपीच) लिहिलेत ते अंबडला पोचेपर्यंत ३७५च्या आसपास. टर्बोवाला जरा जास्त फिरून हवा भरून काढतो, त्याचे ३८७ इथेही ३८७च्या जवळपास. सापुताऱ्याला तर फरक अजून वाढेल. त्यामुळे ताकदीसाठी मस्टँग घेत असाल तर तो हिशेब मुंबईतच बरोबर होता, कसारा चढलात की चुकला.

टर्बोभाऊ | १६ नोव्हें., सकाळी ८.४०

काका 🙏 हा प्रतिसाद सोनाराकडून मढवून घ्यायला पाहिजे. फक्त शेवटचा पॅरा मोठ्या अक्षरात छापा.

गोदाकाठची | १६ नोव्हें., सकाळी ११.०५

मला गाड्यांमधलं फार कळत नाही पण वाचता येतं. धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टमध्ये बीएमडब्ल्यूला एक ओळ आहे आणि कपाटाच्या दाराला चार. आम्हाला कशाला विचारताय हो? फक्त एक सांगा, मस्टँगच्या मागच्या सीटवर मुलगी बसणार आहे का तिची बॅग?

अंबडवाला | १६ नोव्हें., दुपारी १२.३०

ताई पकडलंत 😅 मुलगी म्हणते मी पुढे बसेन, आई मागे. आई म्हणते मी क्रेटाने येते मागून. मुलगा अजून काही बोलला नाही, त्याने मोबाइलला लाल मस्टँगचा वॉलपेपर लावलाय.

डेट्रॉईटकर | १६ नोव्हें., रात्री ११.५५

मूळ पंचवटीचा, आता १७ वर्षं मिशिगनमध्ये. इथे हा प्रश्न रोजचा आहे आणि फार सोपा आहे, कारण मस्टँग जीटी आणि एम३४०आय यात दहा-पंधरा हजार डॉलरचा फरक आहे, मस्टँग खरंच स्वस्तातली गाडी आहे. आमच्या ऑफिसचा सिक्युरिटीवाला घेऊन येतो. भारतात ती चेन्नईत जोडली जात नाही, बीएमडब्ल्यू जोडली जाते, आणि तयार गाडीवर इम्पोर्ट ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून २०१६ला आली तेव्हा एक्स-शोरूम ६५ लाख लावली होती. एम३४०आय २०२१ला ६२.९० लाखाला आली. गरिबाची गाडी श्रीमंताच्या भावात गेली. आता जुन्या बाजारात ती परत आपल्या लायकीच्या जागी आलीय एवढंच.

मी दोन वर्षं व्ही८ मस्टँग वापरली. स्टेअरिंग, सीट, प्लास्टिक, सगळ्यात बीएमडब्ल्यू वरचढ आहे. आतून दार लावताना जो आवाज येतो तिथेच दहा हजार डॉलरचा फरक कळतो. पण मस्टँग ४० किमीच्या वेगाने पण मजा देते, बीएमडब्ल्यूला मजा यायला १४० लागतात, आणि १४०ला इथे पोलीस आणि तुमच्याकडे बैल. मस्टँगच्या जोडीच्या कॅमेरो आणि चॅलेंजर दोन्ही बंद पडल्यात, त्यांच्यातली व्ही८वाली ही एकटीच उरलीय. जाता जाता, फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं २०२१मध्ये जाहीर केलं, सर्व्हिस चालू ठेवू म्हणाले, पण मस्टँगचा एखादा दिवा फुटला तर तो तिकडून येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मेकॅनिकल पार्टची काळजी नाही, ते इथून बॅगेत पण आणता येतात, माझ्या मावसभावाला नेऊन दिलेत मी.

सेफ्टी_फर्स्ट | १७ नोव्हें., सकाळी ९.१०

कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो. २०१७च्या सुरुवातीला युरो एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षितता तपासणारी युरोपातली संस्था) मस्टँगला पाचपैकी दोन स्टार दिले, पुढे सुधारित मॉडेलला तीन. तुम्ही बघताय ती सुधारणेच्या आधीची. बीएमडब्ल्यूच्या या थ्री सिरीजला (एम३४०आय त्यातलीच) २०१९मध्ये पाच. दोन पोरं आहेत म्हणता. मागच्या सीटचा विचार करताना जागा हा शेवटचा मुद्दा आहे.

अंबडवाला | १७ नोव्हें., रात्री ९.२०

हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. बायकोला दाखवलं, ती म्हणाली मग तू एकटाच बस त्यात. याचा अर्थ हो आहे की नाही ते अजून लागलेलं नाही.

तर्रीबाज | १७ नोव्हें., रात्री ९.३१

वीस वर्षांच्या संसारावरून सांगतो, अर्थ लावायला जाऊ नका. टोकन देऊन टाका.

अंबडवाला | २४ नोव्हें., रात्री १२.१०

अपडेट. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

टर्बोभाऊंच्या गाडीत बसलो, त्यांनी मोकळ्या मनाने चावी दिली, गंगापूर रोडने पार धरणापर्यंत. काय गाडी आहे राव. पाय ठेवला की दोन हजार आरपीएमच्या आतच सगळा जोर हजर, गिअर कधी पडला कळत नाही, ब्रेक असा की पोटातलं पोटात राहतं. परत आलो आणि घरी सांगून टाकलं, बीएमडब्ल्यू फायनल. शनिवारी पुण्याला जाऊन ती ३४ हजारवाली पण बघितली, रेकॉर्ड चोख, काहीच काढण्यासारखं नाही.

मुंबईच्या मस्टँगवाल्याला आधी वेळ दिली होती म्हणून फक्त शब्द पाळायला रविवारी गेलो. नोझल काका स्वतःहून सोबत आले, इथे ओळख झालेला माणूस पहाटे पाचला पाथर्डी फाट्यावर टोपी घालून उभा, हातात टॉर्च, लोहचुंबक आणि डब्यात थालीपीठ. काकांनी आदल्या रात्रीच मालकाला फोन करायला लावला होता की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. गेल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवून थंड आहे का बघितलं. मग ठोकलेला पत्रा पुट्टीने भरलाय का बघायला सगळ्या बाजूंनी चुंबक फिरवलं (पुट्टीवर ते चिकटत नाही), आणि नाकावर ते चिकटेना तेव्हा मी घाबरलो, तर काका हसायला लागले, म्हणे बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे रे बाबा.

मग मला म्हणाले आता लाव.

थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतं ना, तेव्हा तो आवाज बेसमेंटच्या भिंतींवर आपटून परत आला आणि कुठल्या तरी स्कूटरचा अलार्म वाजायला लागला. काका डोळे मिटून एक मिनिट उभे. मला वाटलं काही खडखड ऐकू येतेय. मग म्हणाले, "आठही जण कामावर आलेत." एवढंच.

पण काकांनी सौदा वाचवला तो टायरवर. खाचा नव्यासारख्या, मी खूश. काकांनी बाजूवरचा आकडा वाचून दाखवला, शेवटचे चार अंक २३१७, म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. आठ वर्षांचं रबर, बाजूला बारीक भेगा. चालली नाही म्हणून झिजली नाही, म्हणजे चांगली राहिली असं नव्हे. पुढचे २५५, मागचे २७५, चारही नवीन. बॅटरी पण उभी राहून मेलेली. इंजिन ऑइल साडेसात लिटरच्या वर लागतं, ते शेवटचं कधी बदललं त्याची पावती मालकाकडे नाही. हे सगळं कागदावर मांडून, वर पेठरोडकरांचा जीएसटीचा मुद्दा लावून, ४७चे ४३.७५ झाले.

हो. घेतली. टर्बोभाऊ माफ करा. येताना कसारा चढताना दर वळणाला काका म्हणत होते, "गेले दोन एचपी… गेले अजून दोन…"

उरलेल्या पैशातून टायर, आणि बायकोच्या क्रेटाच्या जागी पाच स्टारवाली काहीतरी बघायची असं ठरलंय. पुण्याला मुलगी त्याच गाडीने जाणार. सेफ्टी_फर्स्ट, हे तुमच्यामुळे.

टर्बोभाऊ | २४ नोव्हें., सकाळी ७.५०

माफी कसली, अभिनंदन! माझी गाडी चालवून मस्टँग घेणारा तू पहिला. रविवारी सापुतारा, मी मागून येतो, म्हणजे पुढून.

घोटीचा_तात्या | २४ नोव्हें., सकाळी ८.१५

अभिनंदन. पेढे. जागा तेवढ्यात सव्वा लाखाने वाढली.

अंबडवाला | २९ नोव्हें., रात्री १०.४४

नवीन प्रश्न, वेगळा धागा काढत नाही. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स १३७ मिमी. आमच्या बेसमेंटच्या रॅम्पचा वरचा कडा असा धारदार आहे की पहिल्याच दिवशी पोट घासलं, नाक वाचलं पण आवाज अख्ख्या सोसायटीने ऐकला. तिरकी घेतली तर एका बाजूला खांब. गाडी पाच दिवस वर्कशॉपमध्ये लेथच्या शेजारी ताडपत्रीखाली उभी आहे, पोरं जेवणाच्या सुट्टीत ताडपत्री उचलून बघतात.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वर दोन-अडीच फुटाचा उतार घालून कडा मोडून देतो, १८ हजार. मी भरायला तयार आहे. पण रॅम्प कॉमन एरिया, कमिटीची परवानगी पाहिजे. रविवारच्या मीटिंगला विषय क्रमांक ४ म्हणून लावलाय, "काही सभासदांच्या वैयक्तिक वाहनासाठी रॅम्पमध्ये बदल". हे वाक्य सेक्रेटरींनी मुद्दाम असं लिहिलंय. कोणाला अनुभव?

गोदाकाठची | २९ नोव्हें., रात्री ११.०२

"वैयक्तिक वाहनासाठी" काढून "पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून" असं लिहायला सांगा. उताराच्या आधी छोटा उंचवटा आला की पाणी खरंच अडतं. आमच्याकडे असाच पास झाला.

बी_विंग | ३० नोव्हें., सकाळी ६.५५

एक मिनिट. इंदिरानगर, धारदार रॅम्प, डावीकडे खांब, आणि मागच्या रविवारी रात्री साडेदहाला तो आवाज... तुम्ही ए विंगवाले का हो? अहो मी विषय ४ला विरोध करायला चाललो होतो, सह्या पण गोळा केल्यात सात. माझी होंडा सिटी चार माणसं बसली की त्याच कड्याला घासते, सहा वर्षं झाली. सह्यांचा कागद माझ्याकडेच आहे, वरचा मजकूर बदलून देतो, पण मला एकदा सापुताऱ्याला न्या.